चाकाखाली येऊ नयेत म्हणून

"कुंदे, मागे बघ गं. ताडपत्री उडतेय का?"

"नाही उडत."

"बघून सांग. न बघता तोंड चालवू नकोस."

मी मान वळवून केबिनच्या मागच्या जाळीतून पाहिलं. ताडपत्री जागच्या जागी होती, दोर ताणलेले होते, पेंढ्यात बसवलेले गणपती अंगाला अंग लावून उभे होते. त्यांच्या पलीकडे रस्त्यावर एक भलामोठा कंटेनर येताना दिसला. अजून बराच लांब होता.

"बघितलं. तुझे बाप्पा मजेत आहेत. तू पुढे बघ," मी म्हटलं.

दिगूदादा हसला आणि गालातली सुपारी या बाजूची त्या बाजूला केली. दिगूदादा माझा थोरला भाऊ. पेणला आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, घरामागची एक लांबलचक शेड. तिथला मालक, मूर्तिकार, हमाल आणि ड्रायव्हर सगळं दादाच. मी लग्नाच्या भानगडीत न पडता भावाच्या घरी राहिलेली बहीण. कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्याकडे होती. शाडूच्या मूर्ती दूरच्या गिऱ्हाइकाला पोचवायच्या असल्या की मी रंगांचा डबा मांडीवर घेऊन टेम्पोत त्याच्या शेजारी बसायची. वाटेत कुठे टवका उडाला तर जागेवर दुरुस्त करता यायचं. त्या दिवशी आम्ही चिपळूणला निघालो होतो. गणपती पंधरवड्यावर आले होते. सकाळचं कोवळं ऊन होतं आणि मधूनच एखादी सर येऊन जात होती.

दादाच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी. देवाधर्माचं त्याला फारसं काही नव्हतं. कारखान्यात एखादी मूर्ती पडून फुटली की तो तुकडे गोळा करून सरळ माती भिजवायच्या हौदात टाकायचा. समोर उभ्या गिऱ्हाइकाने हाय खाल्ली तर त्यालाच दटावायचा, "अहो, अजून माती आहे ती. तुमच्या घरी भटजी मंत्र म्हणतील तेव्हा देव. तोवर आमच्याकडे नुसता कच्चा माल." हे बोलताना त्याला फार मजा यायची. शैलावहिनी आतून ओरडायची, "अहो, जिभेला हाड आहे का काही!" आणि हा गालातल्या गालात हसत बसायचा.

माणगावच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं होतं. एके ठिकाणी अर्धा रस्ता बंद करून सगळी वाहतूक उरलेल्या अर्ध्यात वळवली होती. सिमेंटचे ठोकळे मांडले होते आणि त्यांच्यापुढे बाण काढलेला एक वाकडा पत्रा उभा होता. दादाने गाडी हळू केली. कंटेनरने केली नाही.

आवाज मला नीटसा आठवत नाही. पाठीत कुणीतरी भिंत ढकलावी तसा धक्का बसला एवढं आठवतं. टेम्पो पुढे रेटला गेला आणि ठोकळ्यांवर जाऊन आदळला. माझं कपाळ काचेवर आपटलं, रंगांचा डबा उघडून पायात सांडला. दादा स्टिअरिंगवर पोटाने आपटून तसाच ओणवा राहिला होता.

"दादा! अरे दादा!"

"आहे, आहे," तो म्हणाला. मग सावकाश सरळ बसला, एक लांब श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून घाबरला. "अगं, रक्त!"

माझ्या भुवईवर चीर पडली होती. कपाळाचं रक्त फार वाहतं, सगळा चेहरा आणि साडी त्यानं भरली. त्याच्या अंगावर मात्र रक्ताचा थेंब नव्हता. त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या कपाळाला बांधला, दार लाथेने उघडलं आणि खाली उतरला. आपला भाऊ चालतोय, बोलतोय, हे बघून मला रडू फुटलं. वाचलो, असंच मला वाटलं.

खाली उतरून बघते तर रस्ताभर गणपती पडले होते. टेम्पोचं मागचं फळकूट चेपून आत गेलं होतं आणि सगळा माल उधळला होता. कुणाची सोंड, कुणाचा मोदकाचा हात, कुठे नुसतेच कान आणि मुकुट. पेंढा वाऱ्यावर उडत होता. कंटेनर आम्हाला ठोकून कडेला वळला होता आणि मातीच्या ढिगात तोंड खुपसून उभा होता. त्याची केबिन चुरगळली होती आणि आतून माणूस ओरडत होता, "आई गं! माझा पाय! सोडवा रे कुणीतरी!"

समोरून येणारी वाहनं मात्र थांबत नव्हती. अपघात बघत, वेग जरासा कमी करत, मोकळ्या पट्ट्यातून निघून जात होती. एक मोटरसायकल गेली. तिच्यामागून एसटी आली आणि तिच्या चाकाखाली एक घरगुती गणपती गेला. शाडू किती हलक्या आवाजात फुटते ते मला माहीत होतं, पण तो आवाज दादाच्या थेट जिव्हारी लागला. तो दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध धावला.

"थांबा! अरे थांबा! बाप्पा आहेत खाली, दिसत नाही का?"

मग मात्र सगळं थांबलं. मागच्या गाड्यांतून माणसं उतरली, जवळच्या वाडीतून बायका-पुरुष धावत आले. त्यांच्यात तांबडेकाका म्हणून गावचे पोलीसपाटील होते. आवाज खणखणीत, धोतर, डोक्याला टोपी. त्यांनी चार जणांना हाताशी धरून आधी कंटेनरच्या ड्रायव्हरला बाहेर काढलं. काही पोरं त्याला बडवायला पुढे सरसावली, तेव्हा दादाच मध्ये पडला.

"त्याचा पाय बघा आधी. मेलेल्याला काय मारता?"

ड्रायव्हर बीडकडचा होता, भानुदास नाव सांगितलं. तिशीचाही नसेल. पायाची नळी मोडून हाड बाहेर आलं होतं. दादाने त्याला एका बाजूने काखेत हात घालून उचललं. तो दादाचा हात धरून सारखा म्हणत होता, "डोळा लागला, मालक. दोन रात्री झोप नाही. माल आजच पोचला पाहिजे म्हणाले. डोळा लागला हो."

"कळलं, कळलं. पाय हलवू नको," दादा म्हणाला.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणायचे, वेळेवर गाडी मिळाली असती तर. गाडी मिळाली होती. तिच्यातून एक तरुण डॉक्टर उतरला. त्याने भानुदासचा पाय बांधला, माझ्या कपाळावर पट्टी लावली आणि मग दादाकडे वळला.

"तुम्हाला कुठे लागलंय?"

"छे! जरा स्टिअरिंग लागलं पोटाला."

"पोटाला? इथे आडवे व्हा बघू."

"अहो डॉक्टर, मी चांगला उभा आहे. त्या पोराला न्या."

डॉक्टरने उभ्या उभ्याच त्याच्या पोटावर हात दाबला. दादाने दात आवळले. डॉक्टरचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "काका, पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला तर बाहेरून काही कळत नाही. माणूस हिंडत-फिरत असतो आणि एकदम कोसळतो. चला माझ्याबरोबर. ताई, तुम्हीपण चला. दोघांना बसायला जागा आहे."

"चल दादा," मी त्याचा दंड धरला.

दादाने रस्त्याकडे पाहिलं. लोक तुकड्यांभोवती कडं करून उभे होते. कुणी चपला काढल्या होत्या, कुणी हात जोडले होते. एक म्हातारी एक सोंड पदराने पुसत होती. तांबडेकाका पुढे आले आणि म्हणाले, "मूर्तिकार, यांचं काय करायचं? असे रस्त्यात टाकून नाही जाता येणार. भंगलेली मूर्ती, विसर्जन तरी झालं पाहिजे. तुम्ही सांगाल तसं करू."

ते 'मूर्तिकार' ऐकलं आणि दादाचे खांदे ताठ झाले. त्याला कारखान्यात सगळे दिगूशेठ म्हणत. मूर्तिकार म्हणून त्याला कुणी हाक मारली की त्याची छाती फुगायची. मी त्याला त्यावरून कितीदा चिडवलं असेल.

"तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो," तो डॉक्टरला म्हणाला.

"काका, ऐका माझं."

"अर्ध्या तासाचं काम आहे."

भानुदास आतून किंचाळत होता, त्याची पट्टी रक्तानं भिजली होती. डॉक्टर दोन पावलं गाडीकडे गेला, परत आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मला थांबता येत नाही. यांना जे मिळेल त्या वाहनाने आणा. घाम यायला लागला, तहान लागली, चक्कर आली, तर एक मिनिट घालवू नका." आणि गाडी वाजत निघून गेली.

मी दादाला पकडलं. लोकांसमोर भांडायचं नाही म्हणून दबक्या आवाजात बोलले, पण मनापासून भांडले.

"अक्कल गहाण टाकलीस का? तूच म्हणतोस ना, माती आहे म्हणून? प्राणप्रतिष्ठा झालीय का यांची? हौदात टाकतोस तेव्हा कुठे जातो हा देव?"

"कच्च्या असतात त्या."

"म्हणजे?"

"डोळे नसतात त्यांना." तो वाकला, एक अर्धा चेहरा उचलला आणि माझ्यापुढे धरला. मीच आखलेला डोळा होता, परवाच. "हे बघ. तू उघडलेस डोळे. आता हे बघतायत. यांना चाकाखाली टाकून जाऊ मी?"

एवढी वर्षं एका छपराखाली काम केलं, पण हा असं काही मानतो हे मला त्या दिवशी कळलं. जिभेने माती माती म्हणायचा आणि मनात हे बाळगून बसला होता.

"आणि लोक काय म्हणतील?" तो पुढे म्हणाला. "खामकरांचे गणपती हायवेवर तुडवले गेले आणि खामकर दवाखान्यात जाऊन झोपला."

"म्हणू देत!"

"गप बस कुंदे. हात चालव."

मग मी हातच चालवले. जितक्या लवकर संपेल तितक्या लवकर हा गाडीत बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वेड्यासारखी तुकडे गोळा करत सुटले. वाडीतल्या बायकांनी टोपल्या आणल्या, कुणी स्वच्छ धोतर अंथरलं. हवालदार आला, त्याने टोपी काढून आधी नमस्कार केला आणि मग वाहतूक अडवून धरली. इतकी माणसं, पण आवाज नाही. कुणीतरी हळूच आरती सुरू केली आणि सगळे त्यात मिसळले. खरं सांगते, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. त्या क्षणाचा मला आजही राग येतो.

मी टोपली भरली की म्हणायची, "झालं." दादा म्हणायचा, "त्या झुडपापाशी हात दिसतोय." तो आणला की म्हणायचा, "उंदीर राहिला एक." तो मध्येच खाली बसला. कपाळावर घामाचे थेंब होते.

"दादा, घाम आलाय तुला."

"ऊन लागतंय."

ऊन कुठलं? नुकतीच सर येऊन गेली होती. मी तांबडेकाकांकडे धावले. "काका, याला दवाखान्यात न्यायला पाहिजे. डॉक्टर सांगून गेलेत. कुणाची तरी जीप द्या."

"देतो की, ताई," ते मऊ आवाजात म्हणाले. "आता नदीवर नेऊ, विसर्जन करू, तिथूनच पुढे जीप दवाखान्यात. वाटेवरच आहे. त्यांचा जीव अडकलाय त्यात, आता मध्ये मोडता घालू नका." आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. एक मला जवळ घेऊन म्हणाली, "देवाचं काम करणाऱ्याला देव काय होऊ देईल का?"

ती माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला ओरडता आलं असतं.

जीपमध्ये टोपल्या भरल्या. दादा पुढे बसला, मी त्याच्या मागे. तो डावा खांदा चोळत होता.

"खांद्यालापण लागलं वाटतं," तो म्हणाला. "नुसता ठणकतोय." मी मागून तो खांदा दाबत राहिले. पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली की डावा खांदा दुखतो, हे मला मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी पूर्ण वाटभर तो खांदा चेपत होते.

नदी भरून वाहत होती. तांबडेकाकांनी पाण्यात उतरून एकेक टोपली सोडली. दादा घाटाच्या पायरीवर बसून बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"झालं ना आता? ऊठ," मी म्हटलं.

"पाणी दे गं जरा. घसा सुकलाय."

तहान. डॉक्टरने सांगितलेली तहान. "गाडी काढा!" मी किंचाळले. "काका, सोडा ते, गाडी काढा आधी!"

लोक धावले. दादाने माझ्या हातावर हात ठेवला, तो गार होता. "ओरडतेस काय," तो म्हणाला, "शेवटची टोपली राहिलीय." आणि माझ्या अंगावर कलंडला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. मला ते पेलेना.

सरकारी दवाखान्यात त्याला आडवं केलं तेव्हा तोच तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने दादाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मनगट धरून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बोललो होतो." पलीकडच्या खाटेवर पायाला फळ्या बांधलेला भानुदास झोपला होता. इतक्या गाढ झोपेत मी कुणाला पाहिलं नव्हतं.

भानुदास जगला. लंगडतो म्हणे. त्याला दोन रात्री जागवून माल आजच पोचला पाहिजे म्हणणाऱ्यांचं कुणी कधी नाव घेतलं नाही. पुढे दाव्याच्या वेळी त्यांच्या वकिलाने उठून सांगितलं की मयत इसम अपघातानंतर बराच वेळ हिंडत होता, उपचार त्याने स्वतः नाकारले, सबब मृत्यूला वाहन जबाबदार नाही. मी समोरच्या बाकावर बसून ते ऐकलं. मागून एवढा डोंगर येऊन आदळला होता, तो त्या कागदात कुठेच नव्हता.

पण ते फार नंतरचं. त्या दिवशी दिवेलागणीला दादाला घरी आणलं. तांबडेकाका आणि वाडीतली सात-आठ माणसं जीप करून आमच्याबरोबर पेणपर्यंत आली होती. अनोळखी माणसासाठी एवढं कोण करतं? अंगण भरलं होतं. शैलावहिनी ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तांबडेकाकांनी टोपी काढली आणि तिला सगळं सांगितलं. रस्त्यात विखुरलेले गणपती, मूर्तिकारांनी एकेक तुकडा स्वतः उचलला, नदीवर नेले, विसर्जन पुरं झालं आणि त्या पायरीवरच प्राण सोडला.

"वहिनी," ते हात जोडून म्हणाले, "असं मरण भाग्यवंताला येतं. बाप्पांनी त्यांना आपल्याबरोबर नेलं. आमच्या गावानं ठरवलंय, त्या जागी लहानसं देऊळ बांधायचं. त्यांच्या नावाचा दगड बसवायचा."

अंगणातल्या बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी "मोरया" म्हटलं. वहिनीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे.

"हे कुठे बांधलं?"

"रस्त्यावरच. ॲम्ब्युलन्स आली होती."

"लगेच आली होती?"

"हो."

"कुणाला नेलं?"

"कंटेनरच्या ड्रायव्हरला."

ती दोन पायऱ्या उतरून माझ्यासमोर आली.

"कुंदा, गाडीत जागा होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तांबडेकाकांनी खूण केली, म्हणजे आता नको, असं त्यांना म्हणायचं असावं.

"होती," मी म्हटलं.

वहिनी तांबडेकाकांकडे वळली. तिने हात जोडले, आवाज अजिबात चढवला नाही.

"देऊळ बांधू नका," ती म्हणाली. "उद्या दुसरा कुणीतरी तिथं थांबेल."